आपले फोटो, दुसऱ्याचा फोन

गेल्या गळीत हंगामात, फेब्रुवारीच्या अखेरीस, आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदांचा पाऊण एकर खोडवा जळाला. दुपारच्या वाऱ्यात विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि बघता बघता पाचट पेटले. सभासदांनी खिशातला मोबाईल काढून पाच-सहा फोटो घेतले आणि जळीत उसाला तोड लवकर मिळावी म्हणून मोटारसायकलवरून थेट गट ऑफिस गाठले. ते खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच पुण्याहून पुतण्याचा फोन आला, “काका, ऊस कसा काय जळाला?”

काकांनी तोवर ही बातमी घरीसुद्धा सांगितलेली नव्हती. फोटो कोणाला पाठविलेले नव्हते. ऑफिसात बसलेल्या चौघांनी चार तर्क केले. एकाने तर वरून उपग्रहातून सगळे दिसते, असे छातीठोकपणे सांगून टाकले. आम्ही त्या वेळी तिथेच होतो, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पहिल्यांदा उलगडा झाला नाही.

प्रकार साधाच होता. दोन वर्षांपूर्वी हा फोन पुतण्यानेच घेऊन दिला होता. अँड्रॉईड फोन सुरू करताना गुगलचे खाते, म्हणजे आपण जीमेल म्हणतो ते, विचारले जाते. काकांचे खाते नव्हते. पोराने घाईत स्वतःचेच घातले. शिवाय काकांचे फोटो फोन हरवला तरी हरवू नयेत म्हणून त्यांची प्रत आपोआप गुगलकडे जमा होण्याचे बटणही त्याने चालू करून ठेवले, आणि तेही मोबाईलच्या नेटवर. हेतू चांगला होता. पण खाते एकच असल्याने काकांनी रानात काढलेला फोटो थोड्याच वेळात पुण्यातल्या फोनवर दिसू लागे. त्या दिवशी पोराने दुसराच कसलातरी फोटो शोधायला गॅलरी उघडली, तर वरच जळका ऊस!

हे उलट बाजूनेही चालू होतेच. काकांच्या फोनवर दोन वर्षे पुतण्याच्या मित्रमंडळींचे, सहलींचे फोटो येत होते. काकांची समजूत अशी की फोनबरोबर कंपनी असले फोटो देत असावी, कॅलेंडरवर देतात तसे.

इथपर्यंत हसण्यासारखे आहे. पण त्या गॅलरीत आणखी काय काय होते ते ऐका. काकूंच्या ऑपरेशनचे कागद. बँकेची थकबाकीची नोटीस. मुलीसाठी आलेल्या स्थळांचे फोटो आणि पत्रिका. आणि सुनेचे दवाखान्यातले रिपोर्ट, जे तिने सासऱ्यांच्या फोनवर काढून डॉक्टरांना पाठविले होते, कारण त्या दिवशी तिच्या फोनचा रिचार्ज संपला होता. तिने घरातसुद्धा सासूबाईंखेरीज कोणाला सांगितलेले नव्हते. ही गोष्ट कळल्यावर त्या मुलीने दोन दिवस कोणाशी धड बोलणे केले नाही, असे काकांनी आम्हाला नंतर सांगितले. पुतण्या म्हणाला, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” तो सरळ मुलगा आहे, त्याने काही गैर केले असे आम्हाला वाटत नाही. पण पहिल्याच दिवशी, पहिलाच फोटो दिसला तेव्हा, त्याने फोन उचलून सांगायला हवे होते. पोस्टमनने शेजाऱ्याचे पत्र चुकून आपल्या दारात टाकले तर आपण ते फोडून वाचत नाही, नेऊन देतो.

आमचा अंदाज असा आहे की सभासदांच्या घरांत अशी खाती कितीतरी निघतील. मुलाने, भाच्याने, नाहीतर तालुक्याच्या मोबाईल दुकानातल्या पोराने घातलेली. आपल्या फोनमध्ये फोटोचे ॲप उघडून वरच्या कोपऱ्यातील गोल चित्रावर बोट ठेवले की खाते कोणाच्या नावाचे आहे ते दिसते. तेच खाते कोणकोणत्या फोनवर चालू आहे याची यादीही गुगल खात्याच्या सिक्युरिटी या भागात मिळते. यादीत अनोळखी फोन दिसला तर त्याला तिथूनच बाहेर काढता येते, आणि लगोलग पासवर्ड बदलावा. मात्र घाईने फोटो पुसायला जाऊ नका. खाते एक असले की एका फोनवरून पुसलेला फोटो गुगलकडूनही जातो आणि दुसऱ्या फोनवरही दिसेनासा होऊ शकतो. काकांच्या पुतण्याने लाजून नेमके हेच केले आणि लग्नाच्या बैठकीचे सगळे फोटो गायब! ते कचऱ्याच्या पेटीत सापडले. प्रत जमा झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, म्हणून बरे. आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत, मग खाते वेगळे करावे.

व्हॉट्सॲपची तऱ्हा निराळी. तेच व्हॉट्सॲप आणखी चार ठिकाणी जोडता येते. त्यासाठी तुमचा उघडा फोन कोणाच्या हातात अर्धा मिनिट असला तरी पुरे, पडद्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड टिपला की काम झाले. सातबारा नाहीतर आधारची प्रत काढायला आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, “व्हॉट्सॲप वेब जोडा, लगेच प्रिंट देतो.” प्रिंट घेऊन आपण घरी येतो, पण त्याच्या संगणकावर आपले व्हॉट्सॲप उघडेच राहते. लेकीने सासरहून पाठविलेला नातवाचा फोटो तुमच्याआधी तो दुकानदार पाहील. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून जागा आहे, ती उघडून पाहावी आणि ओळखीचे नसेल ते काढून टाकावे.

ही झाली घरची आणि ओळखीची माणसे. चोर वेगळ्या वाटेने येतात. पीएम किसानच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाईल येते. ती उघडून मागेल ती परवानगी देत गेले की फोन परक्याच्या ताब्यात जातो. फोटो तर जातातच, बँकेचा ओटीपीही जातो. झटपट कर्ज देणाऱ्या बोगस ॲपवाल्यांनी कर्जदारांच्या गॅलरीतले फोटो उचलून, त्यात नको ते बदल करून नातेवाइकांना पाठविण्याचे प्रकार देशभर झाले. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 रोजी कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधील फाईली, फोटो, नंबरांची यादी यांना हात लावू नये असा दंडक घातला. फसवणूक झालीच तर 1930 या नंबरावर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, फोन करावा.

बाहेरच्या देशांतही हेच. 2014 साली अमेरिकेत नामांकित नट्यांचे खासगी फोटो चोरीला जाऊन जगभर पसरले. चोरांनी फोन चोरले नव्हते. कंपनीच्या नावाने खोट्या ईमेल पाठवून पासवर्ड विचारून घेतले होते, आणि त्या बायकांनी ते भाबडेपणी दिले होते.

आता नाजूक भाग. काही सभासद आम्हाला विचारतात, की पोरगी पुण्याला होस्टेलवर आहे, तिच्या फोनवर लक्ष ठेवता येईल असे काही करून द्या. एका तरुणाने तर बायकोचे व्हॉट्सॲप आपल्या फोनवर घ्यायचे कसे, असे उघड उघड विचारले. आम्ही त्याला सांगितले नाही आणि तो रागावून गेला. बापाची काळजी आम्ही समजू शकतो, लहान मुलाच्या फोनवर आईबापांनी डोळा ठेवणेही योग्यच. परंतु सज्ञान माणसाचा फोन त्याच्या नकळत उघडणे, मग ते नवऱ्याने का असेना, ही गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा असून त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये येते. कायदा असा आहे. पण त्या तरुणाला आम्ही कायद्याचा धाक घातला नाही. “तिला माहीत नसताना तुला जे दिसेल, ते तिला कधी सांगू शकशील का?” एवढेच विचारले.

मुकादम आणि वाहतूकदार सभासदांनाही एक सांगणे आहे. करार करताना तोडणी मजुरांच्या आधारचे, पासबुकांचे, फोटोंचे फोटो आपण काढून ठेवतो आणि हंगाम संपला तरी ते फोनमध्येच पडून राहतात. तो फोन पुढे मुलगा वापरतो, नाहीतर एक्स्चेंजमध्ये दुकानात जातो. ती माणसे आपल्या गावी परत गेली, त्यांची कागदपत्रे मात्र आपल्या खिशात. हिशेब मिटला की ते फोटो पुसावेत, आणि फोन देण्यापूर्वी सगळा कोरा करून द्यावा.

शिमग्याला पुतण्या गावी आला. काकांच्या नावाचे नवे खाते काढले, काकांचे फोटो त्यात उतरविले, स्वतःचे खाते त्या फोनमधून काढले. सुनेची त्याने माफी मागितली. ती काय म्हणाली हे काकांनी आम्हाला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. मग काकूंनी आपला जुना फोन पुढे केला, “माझंही वेगळं काढ.” काढले. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, पाठ फिरवून. काकांनी सहज विचारले, “काय ठेवलास?”

काकू म्हणाल्या, “तुमचा तुम्ही ठेवा.”