चारी चाकं ओढणारी जुनी गाडी घेताना

“जीप? आणि ती तू चालवणार?” वन्सं फोनवर इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या खोलीत ह्यांनाही ऐकू गेलं. हसू देत बापड्या! आमच्या वाडीचा रस्ता त्यांनी कुठे पाहिलाय?

माझं माहेर महाडच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीत. डांबरी सडक संपली की पुढे तीन किलोमीटर लाल मातीची चढण. उन्हाळ्यात कुठलीही गाडी धापा टाकत का होईना पोचते, पावसाळ्यात मात्र नाही. गेल्या श्रावणात आई न्हाणीघरात घसरून पडली. चार जणांनी तिला डोलीत घालून सडकेपर्यंत आणलं, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. आई बरी झाली, पण पुण्याला यायचं नाव नाही. “माझ्या गाईचं कोण बघणार?” हा एकच प्रश्न. मग मी ठरवलं, ती खाली येत नसेल तर आपल्याला वर जाता आलं पाहिजे.

नवी गाडी आवाक्यातली नव्हती. साडेसहा लाखांच्या वर एक पै नाही, असं ह्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे जुनीच. तेव्हा जुनी ‘फोर बाय फोर’ शोधताना चार महिने ज्या ठेचा खाल्ल्या त्या सांगते, म्हणजे तुम्हाला त्या खाव्या लागणार नाहीत.

सगळ्यात आधी मी कालनिर्णय काढलं आणि वर्षातल्या ज्या दिवशी खरोखरच चिखलातून जावं लागलं असतं त्या दिवसांवर खुणा केल्या. भरले तेवीस. उरलेले तीनशे बेचाळीस दिवस ही गाडी भाजी, बँक, नातवाची शाळा आणि सोसायटीचं अरुंद पार्किंग यांत जाणार होती. खुणा पाच-सातच निघाल्या असत्या, तर मी सरळ उंच बांध्याची साधी गाडी आणि चांगले टायर घेतले असते. त्यावर पुष्कळ रस्ते निभावतात.

आता ही भानगड काय, ते थोडक्यात. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती दोन घसरली की गाडी जागच्या जागी. फोर बाय फोरमध्ये तो चारी चाकांना देता येतो. शिवाय जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ‘४एल’ म्हणून फार हळू, फार जोराचा गिअर असतो. चढणीला त्याचा उपयोग आहेच, पण मला विचाराल तर ओल्या उतारावर तो खरा देवासारखा धावून येतो. पहिल्या गिअरमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय काढला की गाडी गोगलगाईसारखी उतरते.

मागे ‘फोर बाय फोर’ असं चिकटवलंय म्हणून भुलू नका बरं का! बोलेरो, स्कॉर्पिओ दिसायला दणकट, पण रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक दोन चाकांवरच्याच. नवी थारसुद्धा २०२३ पासून दोन चाकांची मिळू लागली. आत डोकावून २एच, ४एच, ४एल लिहिलेला दांडा किंवा बटण आहे का ते पाहा. डस्टरच्या चारी चाकांच्या गाडीत बटण असतं, पण ४एल नसतं. बसायला मात्र ती या सगळ्यांत आरामशीर.

जिप्सीवर माझा जीव होता, खोटं कशाला सांगू! १९८५ साली आलेली ही पेट्रोलची गाडी हलकी, त्यामुळे चिखलातून अशी निघते की बघत राहावं. पण कंपनीचा एसी नाही, स्टिअरिंग फिरवणं म्हणजे खांद्यांचा व्यायाम आणि मागे बसणाऱ्याची हाडं खिळखिळी. २०१० ते २०२० मधली डिझेलची थार चढणीला जबरदस्त, पण मागची बाकं आडवी, समोरासमोर. नातवाला आणि ऐंशीच्या आईला तशा बाकावर बसवून घाट उतरायचा? नाही म्हटलं. २०२० च्या ऑक्टोबरात आलेली थार पुष्कळ सुधारलेली. तिला ग्लोबल एनकॅपच्या टकरीच्या चाचणीत चार तारेही मिळाले, पण ती साडेसहा लाखांत कुठली यायला!

पहिली गाडी पाहिली ती अशी लखलखीत की हे जागीच विरघळले. मोठमोठे टायर, पुढे लोखंडी कठडा, टपावर दिव्यांची रांग. नशिबानं आमच्या ओळखीचे मिस्त्री बरोबर होते. ते म्हणाले, “वहिनी, साडी घेताना उलटी बाजू बघता ना? मग गाडीखाली वाका.” मी पदर खोचला आणि वाकले. खाली ताजा काळा रंग! मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकलं तर चासीवरून गंजाचे पापुद्रे निघाले. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेतली गाडी होती आणि मालकानं तिचं पोट कधी धुतलंच नव्हतं. शिवाय कंपनीनं दिलेल्या रूपात असा बदल करणं कायद्याला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्टच सांगितलंय, आणि पुढच्या लोखंडी कठड्यांवर तर त्याआधीच, २०१७ च्या अखेरीला, केंद्राचं परिपत्रक निघालं होतं. दुसऱ्याची हौस आपण पैसे देऊन का घ्यावी?

दुसऱ्या गाडीत पट्टा पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या हातभर भागाला सुकलेला चिखल. ती पुरात बुडालेली होती. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला आमचं महाड आणि चिपळूण, अशा पुरांतल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. सतरंजी उचलून वास घ्या. चाकांच्या मधे खाली कलिंगडाएवढा गोळा असतो, त्यातलं तेल मिस्त्रींना काढून बघायला सांगा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, असं समजा.

फ्रिजवरचं लोहचुंबक पर्समध्ये टाकून न्यावं. दारावर, मडगार्डवर फिरवायचं. लोखंडी पत्र्यावर जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असणार. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर विचारा, “आमच्या आधी कुणी फिरवली?” थंड गाडी सुरू होताना निळा धूर आला तर इंजिन तेल पितंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चारी चाकं चालवून पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. पुष्कळ मालक वर्षानुवर्षं तो दांडा हलवतच नाहीत, मग तो जाम होतो. मातीचं मैदान गाठा. ४एच टाकून सावकाश पूर्ण वळण घ्या. गाडी अडखळल्यासारखी वाटली तर पुढची चाकं ओढताहेत. हे कोरड्या डांबरावर मुळीच करू नका, आतल्या दात्यांवर फार ताण येतो. मग गाडी उभी करून ४एल. पडत नसेल, किंवा ‘कट्‌ कट्‌’ आवाज येत असेल, तर नमस्कार करून घरी या. चारी टायर एका मापाचे हवेत. टायरवरच्या चार आकडी छापाचे पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे ३२१९ हा २०१९ चा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर म्हाताराच.

कागदपत्रांचा मला कंटाळा, पण इथेच घर बुडतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्या, त्याला फॉर्म ३५ लागतो. नावावर करायला २९ आणि ३०. चासी नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी आणि आपल्याकडे पर्यावरण करही. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते खरी, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स मिळवून बेरीज करा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, हे आमचे हे विसरणारच होते.

शेवटी २०१६ ची स्कॉर्पिओ फोर बाय फोर घेतली, एका हातची. रंग विटका, एका दाराला पोचा, म्हणून वीस हजार उतरवून मिळाले. पोट मात्र कोरडं आणि ४एल पहिल्या झटक्यात पडलं. टायर चारही नवे घातले. महिन्यातून एकदा मातीवर नेऊन चारी चाकं फिरवते.

आषाढात पहिल्यांदा वाडीवर चढले तेव्हा हाताला घाम सुटला होता. आई अंगणात उभी होती. गाडीकडे वरून खालपर्यंत पाहून म्हणाली, “पाय केवढा उचलायचा गं हिच्यात?” घरातला पाट आणून दारापाशी ठेवला, त्यावर पाय देऊन चढली. तो पाट आता मागच्या सीटखालीच असतो.