नाड्यांची बंडी

सातवा सरला आणि पहिल्या बाळंतपणाला मी शिनोलीला माहेरी आले, ती ऐन पौषात. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना लागणारे हे गाव. पहाटेचा गारठा विचारू नका! आणि माझे एकही स्वेटर पुढून जुळेना.

अमेरिकेत विल्यम्सबर्गच्या संग्रहात अठराव्या शतकाअखेरचा एक गर्भारपणाचा पोशाख आहे. गोधडीसारखे टाके घातलेले जाकीट पुढून उघडेच राहते. आतल्या बंडीच्या नाड्या पोटाबरोबर सैल करायच्या. आपल्या लुगड्याला ही यातायात नको, निऱ्या कमी घेतल्या की झाले. पण लुगड्याने पाठ थोडीच ऊब धरते?

बाळासाठी आधी काही शिवायचे नाही, हा आजीचा दंडक. म्हणून स्वतःसाठीच बसले. तिच्या विटक्या लुगड्याचे दोन थर, मधे पिंजलेला कापूस, आणि बोटाबोटावर धावदोरा; टाके विरळ पडले तर कापूस खाली उतरून गोळा होतो. मी बटणे काढली, तशी आजी म्हणाली, "अगं, बटण कुठं सरकतंय? बाराबंदीला काय असतं, आठव!"

बगलेत बंद लावले. नववा लागला तेव्हा ते टोकाला आले होते.

पाचवीच्या रात्री मात्र बंडी माझ्या अंगावर नव्हती. आजीने तिच्यात बाळ गुंडाळले होते.