संकरज गोगलगाय

संकर म्हटला कीं आपल्या घरांत वडील माणसांच्या कपाळास आंठी पडावयाची. निसर्गास मात्र त्याचा एवढा तिटकारा दिसत नाहीं. गाढव व घोडी यांपासून झालेलें खेंचर बहुधा वांझ निघतें. आईबापांकडून आलेलीं गुणसूत्रें परस्परांशीं नीट जुळत नाहींत, व जोड्या जुळल्यावांचून बीज धरत नाहीं. परंतु क्वचित् संकरजाच्या देहांत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. मग प्रत्येकास जोडीदार मिळतो आणि वंश पुढें चालतो. आपल्या पोळीच्या गव्हाचीं ४२ गुणसूत्रें तीन निरनिराळ्या तृणजातींकडून अशींच आलेलीं आहेत.

प्राण्यांत हा प्रकार विरळा. म्हणूनच बुलिनस नांवाच्या गोड्या पाण्यांतील गोगलगायीची हकीकत आम्हांस विशेष वाटते. तिच्या बहुतेक जातींत ३६ गुणसूत्रें असतात. बुलिनस ट्रंकेटस या जातींत ७२. दोन निकटच्या जातींच्या संकरांतून ती निपजली, असें तज्ज्ञ मानतात. इथिओपियाच्या पठारावर तर १०८ व १४४ गुणसूत्रांच्याहि जाती सांपडतात! शिवाय ह्या गोगलगायी उभयलिंगी. जोडीदार न मिळाल्यास एकटीच प्रजा उत्पन्न करते. नव्या कालव्यांत एक पोंचली तरी पुरे.

एवढ्यावर हा विषय निव्वळ कुतूहलाचा राहिला असता. परंतु १८५१ सालीं कैरो येथें थिओडोर बिल्हार्झ यांना मनुष्याच्या शिरांत एक कृमि आढळला. त्याच्यायोगें लघवीवाटे रक्त जातें. त्याचें बालपण गोगलगायीच्या शरीरांत जातें हें लायपर यांनीं १९१५ मध्यें इजिप्तांत दाखविलें. तिच्यांतून बाहेर पडलेलीं सूक्ष्म पिल्लें पाण्यांत उतरलेल्या मनुष्याच्या कातडींतून आंत शिरतात. आतां गंमत अशी कीं, ३६ गुणसूत्रांची बुलिनस ट्रॉपिकस ह्या कृमीस सहसा थारा देत नाहीं. तिची ७२ वाली भावकी देते.

२०१३ सालीं कॉर्सिका बेटावरील कावू नदींत स्नान केलेल्या लोकांस हा रोग जडला. वाहक हीच ट्रंकेटस. आणि तपासाअंतीं कृमिहि संकरज निघाला, एक कुळ मनुष्याच्या कृमीचें, दुसरें गुराढोरांच्या! संकरजाच्या पोटीं संकरज वाढला.

आमच्या कोंकणांतहि हा रोग आढळला आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं त्याची नोंद गाडगीळ व शहा यांनीं १९५२ मध्यें केली. तेथें संशय बुलिनसवर नव्हे, तर टोपीसारख्या कवचाच्या, नखाएवढीहि नसलेल्या फेरिसिया नामक गोगलगायीवर गेला.