फोन येण्याआधी कळावे म्हणून: नेटवर्कवर नजर ठेवणारी एसएनएमपी



आपल्यापैकी बरीच कुटुंबे नोकरी-धंद्यानिमित्त सिल्वासाला आली आणि इथलीच झाली. मसाट, आमली, पिपरिया, खडोली, नरोली या भागांतल्या कारखान्यांत आपल्या घरातले कोणी ना कोणी कामाला आहे. त्यातले काहीजण संगणक विभाग सांभाळतात. लहान कारखान्यात हा विभाग म्हणजे बहुधा एकच माणूस असतो. रात्री दोनला फोन वाजला की घरातले सगळेच जागे होतात. हा लेख त्या माणसासाठी आहे आणि त्याच्या घरच्यांसाठीही.

आपल्याकडे नेटवर्क बंद पडण्याची किंमत जरा जास्तच मोजावी लागते. सिल्वासाहून वापीकडे निघालेली गाडी थोड्याच अंतरावर गुजरातच्या हद्दीत शिरते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा माल न्यायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. मोठ्या राज्यातला कारखाना बराच माल राज्याच्या आतच पाठवू शकतो. आपल्याकडे माल बाहेर निघाला की बहुतेक वेळा हद्द ओलांडतोच. त्यामुळे इंटरनेट गेले की बिल निघत नाही आणि माल भरलेल्या गाड्या फाटकाशी उभ्या राहतात.

नेटवर्क अचानक बंद पडले असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते अचानक नसते. डिस्क आठवडाभर हळूहळू भरत असते, यूपीएसची बॅटरी महिनोन्‌महिने कमजोर होत असते, स्विचचे तापमान रोज दुपारी वाढत असते. ही उपकरणे आपली स्थिती सांगायला तयार असतात. त्यांना नियमित विचारणारे कोणीतरी हवे. ते विचारण्याची ठरलेली भाषा म्हणजे एसएनएमपी, म्हणजेच सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल.

ही भाषा आली कुठून?

१९८८ साली एसएनएमपीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. त्या सुमारास भारतात एर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क उभे राहत होते आणि मुंबईतील जुहूची एनसीएसटी व पवईची आयआयटी त्यात सहभागी होत्या. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडली जात होती, पण त्यांची तब्येत विचारण्याची एकच पद्धत नव्हती. एसएनएमपीने ती दिली. आज सिस्कोचा राउटर, एचपीचा स्विच, लिनक्स सर्व्हर, लेझर प्रिंटर आणि नेटवर्क कार्ड बसवलेला यूपीएस हे सगळे या भाषेत उत्तर देऊ शकतात.

काम कसे चालते?

प्रत्येक उपकरणात एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला एजंट म्हणतात. दुसरीकडे एका संगणकावर देखरेखीचे सॉफ्टवेअर चालते. ते ठराविक वेळाने, समजा दर पाच मिनिटांनी, एजंटला प्रश्न विचारते आणि उत्तर जपून ठेवते. हे प्रश्न यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. काही वेळा उपकरण स्वतःहून निरोप पाठवते, उदाहरणार्थ एखादी केबल निघाली तर. त्याला ट्रॅप म्हणतात आणि तो १६२ क्रमांकाच्या पोर्टवर येतो. ट्रॅप वाटेत हरवला तर कोणाला कळत नाही. म्हणून मुख्य भरवसा नियमित विचारण्यावरच ठेवावा.

कोणती माहिती हवी ते एका क्रमांकाने सांगतात. पोस्टाच्या पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव, वाडी, घर अशी उतरंड असते, तशीच या क्रमांकात असते. १.३.६.१.२.१.१.३.० या पत्त्यावर विचारले तर एजंट किती वेळ अखंड चालू आहे ते कळते, आणि बहुतेक उपकरणांत तीच उपकरण चालू असल्याची वेळ असते. अशा पत्त्यांची सूची म्हणजे मिब. नेहमीचे पत्ते सॉफ्टवेअरला आधीच माहीत असतात, ते पाठ करावे लागत नाहीत.

दोन आकडे नीट समजून घेऊ

पहिला आकडा चालू राहण्याच्या वेळेचा. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो. सकाळी आठला पाहिले आणि एखादा स्विच पाच तासांपासूनच चालू असल्याचे दिसले, तर तो पहाटे तीनला बंद होऊन पुन्हा सुरू झाला हे कळते. एका शेडमधले सगळे स्विच पाच तासच दाखवत असतील तर त्या शेडची वीज किंवा तिथला यूपीएस तपासा. एकच स्विच तसा असेल तर त्याचा अडॅप्टर, प्लग किंवा तो स्विचच संशयित आहे. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, तेव्हा हा आकडा फार उपयोगी पडतो. एक अपवाद ध्यानात ठेवा. हा मोजक सुमारे ४९७ दिवसांनी भरतो आणि शून्यावर येतो. दीड वर्ष अखंड चाललेले उपकरण त्यामुळे आजच सुरू झाल्यासारखे दिसू शकते.

दुसरा आकडा लाइनवरून गेलेल्या माहितीचा. उपकरण वेग सांगत नाही, विजेच्या मीटरसारखे एकूण वाचन सांगते. वापर काढायचा तर दोन वाचनांची वजाबाकी करावी लागते. समजा, पाच मिनिटांत आकडा १५० कोटी बाइटने वाढला. ३०० सेकंदांनी भागले की सेकंदाला ५० लाख बाइट, आणि आठने गुणले की ४० मेगाबिट. लाइन १०० मेगाबिटची असेल तर ४० टक्के वापर झाला.

इथेही एक खाचखळगा आहे. जुना मोजक ३२ बिटांचा असतो आणि सुमारे ४२९ कोटी बाइटनंतर पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर हे ३४ सेकंदांतच घडते, मग पाच मिनिटांच्या वाचनातून काढलेला आलेख चुकीचा येतो. म्हणून ६४ बिटांचे मोजक वापरावेत. ते एसएनएमपीच्या आवृत्ती १ मध्ये मिळत नाहीत, २सी आणि ३ मध्ये मिळतात.

काहीजणांना शंका येते की यातून कोण कोणती साइट पाहते ते कळेल का. या मोजकांतून फक्त किती माहिती गेली ते कळते, मजकूर कळत नाही. सहकाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवले तर गैरसमज होत नाहीत.

कुलूप लावल्याशिवाय सुरू करू नका

आवृत्ती १ आणि २सी मध्ये पासवर्डऐवजी एक परवलीचा शब्द असतो. तो नेटवर्कवरून उघडा जातो. त्यातही अनेक उपकरणांवर वाचण्यासाठी पब्लिक आणि बदल करण्यासाठी प्रायव्हेट हेच शब्द ठेवलेले असतात. जगभर सगळ्यांना ते माहीत आहेत.

याचा गैरवापर कसा होतो त्याचे उदाहरण एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाले. ब्रिटन आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थांनी सांगितले की, २०२१ साली एका रशियन गटाने सोप्या परवलीच्या शब्दांचा आणि एका जुन्या त्रुटीचा फायदा घेऊन एसएनएमपीच्या वाटेने सिस्कोच्या राउटरांत प्रवेश मिळवला. त्यात युक्रेनमधील सुमारे २५० जणांना फटका बसला. त्या त्रुटीवरचा उपाय २०१७ मध्येच उपलब्ध होता, पण अनेक राउटरांवर तो बसवलेला नव्हता.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. शक्य तिथे आवृत्ती ३ वापरा. तिच्यात वापरकर्त्याची ओळखही तपासली जाते आणि माहितीही सांकेतिक रूपात जाते. ओळखीसाठी एसएचए आणि सांकेतिक रूपासाठी एईएस निवडा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, त्याहून मोठा ठेवलेला बरा.

२. फक्त वाचण्याची परवानगी द्या. देखरेखीसाठी बदल करण्याची परवानगी लागत नाही.

३. पब्लिक आणि प्रायव्हेट हे शब्द काढून टाका.

४. उपकरणाने फक्त देखरेखीच्या संगणकालाच उत्तर द्यावे असा नियम घाला. बाहेरच्या इंटरनेटवरून १६१ पोर्ट पूर्ण बंद ठेवा.

५. जुने उपकरण आवृत्ती ३ ओळखत नसेल तर २सी वापरा, पण परवलीचा शब्द वेगळा व लांब ठेवा आणि ते उपकरण वेगळ्या व्हीलॅनमध्ये घ्या.

उभारणी टप्प्याटप्प्याने

सर्वात आधी कागदावर यादी करा: उपकरण, त्याचा आयपी पत्ता, ते कोणत्या खोलीत आहे, कोणत्या यूपीएसवर आहे आणि कोणत्या स्विचमागे जोडले आहे. ही यादी झाली म्हणजे अर्धे काम झाले.

देखरेखीसाठी बाजूला पडलेला पण सुस्थितीतला संगणक चालतो. वीस-पंचवीस उपकरणांना तो पुरतो, मात्र डिस्क एसएसडी असावी. त्यावर लिनक्स आणि लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स बसवा. दोन्ही मोफत आहेत. लिब्रेएनएमएस एसएनएमपीभोवतीच बांधलेले असल्याने नवशिक्याला सोपे जाते. सर्व्हर जास्त असतील तर झॅबिक्स बरे.

लिनक्स सर्व्हरवर एसएनएमपीचा एजंट वेगळा बसवावा लागतो. उबंटूवर तो बसवल्यावर सुरुवातीला फक्त त्याच संगणकाच्या आतून आलेल्या प्रश्नांना उत्तर देतो. सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता लिहावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विंडोज सर्व्हरवरची एसएनएमपी सेवा मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या आवृत्तीपासून जुनी ठरवली आहे आणि ती आवृत्ती ३ ओळखत नाही. तिथे झॅबिक्सचा स्वतःचा एजंट वापरणे चांगले.

उपकरण यादीत घालण्याआधी एसएनएमपीवॉक या आदेशाने उत्तर येते का ते पाहा. उत्तर आले नाही तर लगेच उपकरण बिघडले असे समजू नका. आवृत्ती २सी मध्ये परवलीचा शब्द चुकला तरी बहुतेक उपकरणे गप्पच राहतात. आधी पिंग, मग शब्द, मग परवानगीचा नियम आणि शेवटी फायरवॉल या क्रमाने तपासा.

काय पाहावे आणि कधी हाक मारावी?

शेकडो आकडे मिळतात म्हणून सगळ्यांवर सूचना लावू नयेत. सुरुवातीला एवढे पुरे: उपकरण चालू आहे का, मुख्य लाइनचा वापर, पोर्टवरच्या चुका, डिस्क, मेमरी, तापमान आणि यूपीएस. यूपीएससाठी १९९४ पासून ठरलेली मिब आहे. बॅटरी अजून किती मिनिटे टिकेल हेही तीतून कळते. दोन शेडमध्ये फायबर असेल तर प्रकाशाची पातळीही पाहावी. ती ३ डेसिबलने घटली म्हणजे पोहोचणारा प्रकाश निम्मा झाला. केबल कुठेतरी मुडपली असेल किंवा जोडणीवर धूळ बसली असेल.

डिस्क ८० टक्के भरली की ईमेल आणि ९० टक्क्यांना फोनवर संदेश, अशा दोन पायऱ्या ठेवा. एकदा उत्तर चुकले म्हणून कोणाला उठवू नका, सलग तीनदा चुकले तरच संदेश जावा. मुख्य स्विच बंद पडला तर त्यामागच्या तीस उपकरणांचे तीस संदेश येऊ नयेत म्हणून कोण कोणावर अवलंबून आहे ते सॉफ्टवेअरला सांगा. खोटे संदेश फार आले की माणूस खऱ्याकडेही दुर्लक्ष करतो.

आणखी एक महत्त्वाची बाब. इंटरनेटच बंद पडले तर ईमेल बाहेर जाणार कसा? म्हणून देखरेखीच्या संगणकाला सिमकार्डचा मॉडेम जोडा, म्हणजे एसएमएस वेगळ्या वाटेने जाईल. हा संगणक आणि मुख्य स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. सगळ्या यंत्रांची घड्याळे एकसारखी ठेवा. सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी घड्याळे जुळवून ठेवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे अपेक्षित आहे. घड्याळे जुळलेली नसतील तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच सांगता येत नाही.

दर सोमवारी पंधरा मिनिटे काढून आठवड्याचे आलेख पाहावेत. नवी बॅटरी किंवा मोठी डिस्क मागताना साहेबांसमोर तीन महिन्यांचा आलेख ठेवला की गोष्ट लवकर पटते. बॅटरी दुपारी सवडीने बदलता येते आणि रात्रीची धावपळ वाचते.

आपल्या तरुण मुला-मुलींसाठी एक शब्द. आज जगभर पोहोचलेली चेन्नईची झोहो कंपनी १९९६ मध्ये अॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली आणि तिची सुरुवातीची उत्पादने याच एसएनएमपीवर आधारलेली होती. हे शिकायला महागडा क्लास लागत नाही. घरच्या लॅपटॉपवर दोन आभासी लिनक्स यंत्रे उभी करा, एकावर एजंट आणि दुसऱ्यावर लिब्रेएनएमएस बसवा, आणि एक यंत्र मुद्दाम बंद करून संदेश येतो का ते पाहा.

ज्यांच्याकडे कारखान्याचे, शाळेचे किंवा दुकानाचे नेटवर्क आहे त्यांनी या आठवड्यात तीनच उपकरणांपासून सुरुवात करावी: मुख्य राउटर, मुख्य स्विच आणि बिलांचा सर्व्हर. अडचण आली तर मंडळाच्या बैठकीत अवश्य विचारा. या विषयातले जाणकार आपल्यातच आहेत आणि ते आनंदाने मदत करतील.