टकरीआधीचे गणित

जव्हार-मोखाड्यात मुलगी विज्ञान शाखा मागते, तेव्हा घरचे विचारतात, ‘पुढे काय?’ अशा पालकांनी डॉ. रोहिणी गोडबोले यांचे आयुष्य पाहावे. १९५२ साली पुण्यात जन्म, मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी., अमेरिकेत पीएच.डी. मुंबई विद्यापीठात शिकवत असताना, १९९१ साली त्यांनी मॅन्युएल ड्रीस यांच्यासह दाखवून दिले की, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आदळवणाऱ्या प्रचंड यंत्रांत प्रकाशकणांच्याही टकरी होतील आणि त्यातून निघणाऱ्या कणांच्या गर्दीत हवी ती नोंद हरवू शकेल. पुढे अशा यंत्रांचे आराखडे आखताना हा इशारा ध्यानात घेतला गेला. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे हत्यार गणित होते. पालकहो, तुमच्या लेकीच्या हातची गणिताची वही काढून घेऊ नका.