एबीएस : जादा पैसे मोजावेत का?

पहिल्या पावसात घाटात समोर अचानक म्हैस आली की हात आपोआप पुढचा ब्रेक करकचून दाबतो. चाक जाम होतं, आणि जाम चाकाची गाडी ना वळते ना तोल धरते; क्षणात आडवी. एबीएस लागतं ते इथे. चाकाजवळच्या दातेरी कडीवरून सेन्सर वेग टिपत असतो. चाक जाम होऊ लागलं की ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सुटतो, पुन्हा धरतो. लिव्हर थरथरते, दचकून हात सैल सोडू नये.

१९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० मालिकेत इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं. आपल्याकडे १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलना ते एप्रिल २०१८ पासून सक्तीचं झालं, जुन्या मॉडेलना वर्षभराने. लहान गाड्यांना तेव्हा सीबीएसची मुभा मिळाली. त्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण चाक जाम होणं टळेलच असं नाही. नावं सारखी वाटतात, शोरूममध्ये नीट विचारून घ्या.

सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला एबीएस. नसण्यापेक्षा कितीतरी बरं. परवडत असेल तर ड्युअलच घ्यावं. सुट्या खडीवर मात्र एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढू शकतं, म्हणून काही ॲडव्हेंचर गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं. आणि टायर गुळगुळीत झाला असेल, तर एबीएस पकड आणणार कुठून?