जुने गेम्स आज बोअर का होतात? दोष ग्राफिक्सचा कमी, तुमच्या हातातल्या काचेचा जास्त

मारिओ, कॉन्ट्रा, मुस्तफा, व्हाइस सिटी. मोठ्या भावाकडून, मामाकडून ही नावं इतक्या वेळा ऐकलेली असतात की कधीतरी आपण यातला एखादा गेम फोनवर टाकतोच. आणि दहा मिनिटांत उडवतोही. चित्रं ठोकळ्यांची, एक गोळी लागली की खल्लास, सेव्ह नाही, काय करायचं ते सांगायला कुणी नाही. रोज बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्याला हे जुनाट वाटलं तर नवल नाही.

पण यातलं खरोखर जुनं झालेलं किती, आणि आपण तो गेम भलत्याच मशीनवर खेळतोय म्हणून तसं वाटतंय किती? हे वेगळं काढता येतं. चला, बघू.

चाळीस केबीमध्ये बत्तीस लेव्हल

सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ साली जपानमध्ये आला. अख्खा गेम ४० केबीचा. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा फोटो बहुतेक यापेक्षा मोठा असतो. एवढ्याशा जागेत ३२ लेव्हल, गाणी, शत्रू सगळं बसवायचं म्हणजे काटकसर आलीच. मारिओमधला ढग आणि खालचं झुडूप नीट बघा. दोन्ही एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय.

निन्टेन्डोचं मूळ मशीन आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला. समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी मिळणारे हे ‘टीव्ही गेम’ केबलने टीव्हीला जोडायचे आणि वरून कॅसेट खोचायची. विटा आणि खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत पहिला टीव्ही गेम आला तो अशाच एखाद्या काकाच्या बॅगेतून, दिवाळीच्या सुट्टीत. सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात गेम मोजकेच. तोच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू करून त्याला नवा नंबर दिलेला. तरी यादी खाली खाली सरकवत बसण्यात अर्धा तास मजेत जायचा.

आता कॉन्ट्रा. त्याची कॅसेट १२८ केबीची. सराईत खेळाडू अर्ध्या तासात तो संपवतो. पैसे मोजून घेतलेला गेम अर्ध्या तासात संपला तर गिऱ्हाईक ओरडणारच. मोठा गेम बनवायला जागा नाही, मग उपाय काय? अवघड करा. तीन लाइफ द्या, एका गोळीत मारा, मेला की पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासाचा गेम असा महिनाभर पुरायचा. तीस लाइफ देणारा तो प्रसिद्ध कोड (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) पोरांना तोंडपाठ असायचा तो याचमुळे.

सेव्ह नसण्यामागेही खर्चाचंच गणित होतं. टीव्ही बंद करूनही प्रगती लक्षात राहावी तर कॅसेटमध्ये वेगळी मेमरी आणि ती जिवंत ठेवायला छोटी बॅटरी लागायची. महागड्या कॅसेटमध्ये ती असायची, आपल्याकडच्या स्वस्त नकलांमध्ये कोण घालणार? त्यात २००५ च्या आसपासचं लोडशेडिंग आठवा, किंवा घरात विचारा. विट्यात लाईट गेली की गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड एकदम थांबायची, आणि त्याच क्षणी शेवटच्या लेव्हलला पोचलेला कॉन्ट्राही. पुन्हा लाईट आली की माग जिथं थांबला तिथून सुरू व्हायचा. कॉन्ट्रा मात्र पहिल्या जंगलापासून.

अंगठ्याचं काम काचेला जमत नाही

आता सगळ्यात मोठा मुद्दा, ज्याकडे कुणी बघत नाही. ग्राफिक्सला आपण नावं ठेवतो, पण गेम नकोसा होतो तो कंट्रोलमुळे.

मारिओ पळत असताना बी बटण दाबून धरावं लागतं आणि उडीसाठी ए. दोन्ही बटणं शेजारी. जुने खेळाडू काय करायचे? अंगठा आडवा टाकून त्याच्या टोकाने बी दाबून ठेवायचा आणि अंगठा जरा कलता केला की मागच्या पेराने ए दाबलं जायचं. लांब उडी अशीच बसते. हे न बघता जमायचं, कारण बटणाची कड अंगठ्याला लागते. फोनच्या काचेला कड नाही. अंगठा कधी घसरून बाजूला गेला ते मारिओ खड्ड्यात पडल्यावर कळतं. शिवाय अर्धी स्क्रीन आपल्याच बोटांनी झाकलेली.

वर उशीरही आहेच. जुन्या डबा टीव्हीवर बटण दाबलं की जवळपास त्याच क्षणी चित्र हलायचं. फोनमध्ये स्पर्श ओळखणं, एम्युलेटरने (म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणाऱ्या ॲपने) तो गेमपर्यंत नेणं, मग स्क्रीनने दाखवणं, अशा प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा वेळ जातो. डोळ्यांना कळत नाही, पण उडी हुकते. मग आपण म्हणतो, गेम बंडल आहे.

सगळाच उशीर फोनचा नसतो, हेही खरं. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या. जॉर्डन मेकनर या अमेरिकन पोराने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम बघून राजपुत्राची हालचाल बनवली. म्हणून तो माणसासारखा पळतो, आणि माणसासारखाच एकदम थांबू शकत नाही. पाऊल पूर्ण पडल्यावरच वळतो. हे तसंच ठरवून केलंय. तिथं बटण आधी, विचार करून दाबायचं असतं.

उशिराचा सर्वांत भारी नमुना म्हणजे बदकं मारायचा गेम, डक हंट. त्यातली प्लॅस्टिकची बंदूक गोळी ‘मारत’ नव्हती, ती टीव्हीकडे बघत होती. ट्रिगर ओढला की क्षणभर पूर्ण स्क्रीन काळी व्हायची आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला की नेम लागला. म्हणून बंदूक बल्बवर धरून फसवता यायचं नाही. हे सगळं जुन्या टीव्हीच्या चित्र काढण्याच्या वेगाशी जुळवलेलं होतं. आजचा एलईडी टीव्ही सिग्नल आल्यावर चित्रावर काम करतो आणि जरा उशिरा दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची बघण्याची वेळ निघून गेलेली असते. नव्या टीव्हीवर ती मूळ बंदूक चालतच नाही, कितीही नेम धरा.

नाणं संपलं की गेम संपला

मुस्तफाची गोष्ट वेगळी. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा पार्लरमधला गेम. पिवळी टोपीवाल्या मुस्तफा कैरो या पात्रावरून भारतभर पोरांनी अख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा करून टाकलं.

हा गेम नाण्यावर चालायचा, आणि बनवलाही नाण्यासाठीच होता. काही मिनिटांनी तुम्ही मेलात तरच पार्लरवाल्याचा धंदा. पण फुकटच मेलो असं वाटलं तर पोरगं परत येणार नाही. म्हणजे मरताना ‘थोडक्यात हुकलं राव’ असं वाटलं पाहिजे. या दोन्हींमधला तोल सांभाळणं हीच त्या काळातली खरी कारागिरी होती, असं माझं मत आहे.

एम्युलेटरमध्ये मात्र नाणं टाकायचं एक बटण असतं. ते चाळीस वेळा दाबा, चाळीस लाइफ. मग काय, बटणं बडवत तासाभरात गेम संपतो आणि प्रश्न पडतो की एवढं काय होतं यात. काही नव्हतंच, कारण जे होतं ते आपण काढून टाकलं. खिशात दोनच नाणी, मागे उभी असलेली चार पोरं, शेजारी दुसऱ्या-तिसऱ्या खेळाडूची कोपरं. एकदा तीनच नाणी ठरवून खेळून बघा. दुसऱ्या बॉसपाशी हात घामेजतो.

मग खरंच जुनं झालेलं काय?

सुरुवातीचे थ्रीडी गेम. इथं मी जुन्यांची बाजू घेणार नाही. २००० सालच्या प्रोजेक्ट आयजीआयमध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह नाही, आणि मिशन लांबलचक. तेव्हा मेमरी आणि डिस्क दोन्ही होती, कॉन्ट्रासारखी अडचण नव्हती. व्हाइस सिटीत रिमोटच्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायचं मिशन आठवून आजही लोक वैतागतात, ते बरोबरच आहे. कॅमेरा कसा फिरवायचा, नेम कसा धरायचा हे गेम बनवणारेच तेव्हा शिकत होते. तुम्ही आज डाव्या अंगठ्याने चालता, उजव्याने बघता, ही पद्धत नंतर रुळली.

पण तिथंही सरसकट सुधारणा करायला गेलं की गंमत होते. सॅन अँड्रियासमध्ये (२००४) लांबचं सगळं धुक्यात असायचं. मशीनला एवढ्या लांबचं काढायला झेपत नव्हतं म्हणून ते धुकं. २०२१ मध्ये नवी आवृत्ती काढताना ते काढलं, आणि एका टोकाहून अख्खा नकाशा दिसायला लागला. तीन शहरं, वाळवंट, डोंगर असा जो प्रदेश अफाट वाटायचा तो पटकन संपणारा निघाला. खेळाडूंनी इतकी ओरड केली की पुढच्या अपडेट्समध्ये धुकं परत आलं.

खेळायचंच असेल तर

एक ब्लूटूथ किंवा यूएसबी कंट्रोलर जोडा, कुणाकडून मागून आणला तरी चालेल. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. चित्र फोनभर ताणू नका, ४:३ वर ठेवा. काळ्या पट्ट्या दिसू देत. एम्युलेटरमध्ये सीआरटी फिल्टर असतो तो लावा. जुन्या टीव्हीवर हे ठिपके एकमेकांत मिसळायचे, चित्रकारांनी ते गृहीत धरूनच काढलेत. आणि कुठंही सेव्ह करता येतं म्हणून प्रत्येक उडीआधी सेव्ह करू नका. लेव्हल संपल्यावर करा, लाईट गेल्याचा अन्याय तेवढा टळेल.

‘कॉन्ट्रा न्यू’, ‘मुस्तफा ओरिजिनल’ असल्या नावांच्या एपीके फाइल मात्र टाळा. धावून गोळ्या मारायच्या गेमला तुमचे एसएमएस आणि कॉन्टॅक्ट कशाला हवेत? मागितले की तिथंच डिलीट. एम्युलेटर साधे प्ले स्टोअरवर मिळतात, आयफोनवालेही एप्रिल २०२४ पासून ते अधिकृतपणे घेऊ शकतात. पण गेमची फुकट उतरवलेली कॉपी हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. विकत घ्यायचं तर व्हाइस सिटी फोनवर मिळतो, कॉन्ट्राचा संग्रह कोनामीने २०१९ मध्ये पीसी आणि कन्सोलसाठी काढलाय.

मुस्तफाचं मात्र अवघड आहे. तो मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकवर आधारलेला, म्हणजे पात्रांचे हक्क एकट्या कॅपकॉमकडे नाहीत. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेम्सचा संच बाजारात आणला. फायनल फाइट होता, कॅप्टन कमांडो होता. मुस्तफा नव्हता.